कोरडेमास्तरांचं बोट

कोरडेमास्तर आडनावानं कोरडे नव्हते, आणि मास्तर म्हणाल तर सातवीनंतर शाळेची पायरीही त्यांनी पाहिली नव्हती. हे नाव त्यांना गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या पंक्चरवाल्यानं बहाल केलं होतं. मास्तरांच्या हातून गेलेलं इंजिन पुन्हा तेल गाळत नाही, अशी त्यांची ख्याती. "इंजिन कोरडं, फरशी कोरडी, आणि बोलणंही कोरडंच," असं पंक्चरवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. मास्तर वरकरणी त्याच्यावर डोळे वटारत आणि आतून फुलून येत.

गॅरेज काही मोठं नव्हतं. आत दोन गाड्या मावत. तिसरी आली तर तिची शेपूट रस्त्यावर. भिंतीवर पाने मापाप्रमाणे टांगलेले, एका मोडक्या गाडीची मागची सीट दारापाशी बसायला ठेवलेली, आणि कोपऱ्यातून वर घरात जाणारा लोखंडी जिना. वरच्या खोलीत मास्तरांची बायको शिवणकाम करायची. दिवसभर वरून मशीनची टकटक आणि खालून पान्यांची खणखण. तीस वर्षांचा संसार या जुगलबंदीवर चालला होता.

मास्तरांचं खास काम म्हणजे टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलणं. इंजिनाच्या डोक्यावर एक झाकण असतं. त्याच्या खाली वाल्व उघडझाप करत असतात आणि तेल उडत असतं. झाकणाच्या कडेनं रबराची एक बारीक गोट असते, तेच पॅकिंग. ते वयोमानानं कडक झालं की तेल पाझरायला लागतं. काम तसं सोपं: झाकण काढा, जुनं रबर खरवडा, जागा लख्ख पुसा, नवं बसवा, बोल्ट कसा. पण सगळा खेळ त्या लख्ख पुसण्यात. जुन्या रबराचा नखाएवढा तुकडा जरी खाली राहिला तरी नवं पॅकिंग तिथे उचललं जातं आणि तेल वाट काढतं.

आणि इथे मास्तरांचा प्रवेश असायचा! जागा पुसून झाली की ते डोळे मिटत, मान किंचित वर करत आणि उजव्या हाताची तर्जनी त्या कडेवरून सावकाश फिरवत. पार मागच्या कोपऱ्यापर्यंत, जिथे इंजिन गाडीच्या भिंतीला चिकटलेलं असतं आणि नजर पोचत नाही तिथपर्यंत. गिऱ्हाइकं श्वास रोखून बघत. "डोळ्याला तेल कुठलं आणि सावली कुठली ते कळत नाही," मास्तर म्हणत. "बोटाला कळतं." टाळ्या तेवढ्या पडायच्या बाकी असत.

गॅरेजचा एक नियम त्यांनीच घालून दिला होता. ज्यानं बोल्ट कसला त्यानं प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. मास्तरांचा पिवळा, मेहुण्याचा पांढरा. म्हणजे उद्या काही झालं तर कुणाला विचारायचं ते रंगच सांगेल.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बारा वर्षं तो या गॅरेजात होता. इतका मवाळ माणूस, की हातातून पाना पडला तर पान्याचीच माफी मागेल. होता, असं म्हणायचं कारण, सहा महिन्यांपूर्वी तो गॅरेज सोडून गेला होता. आणि का गेला, ते आज सकाळी आठ वाजता पुन्हा दारात येऊन उभं राहिलं.

"मास्तर, परत तोच जळका वास," नर्सबाई गाडीतून उतरत म्हणाल्या. "मी पाचला येते. या वेळी मुळापासून बघा."

"बघतो सिस्टर. या तुम्ही."

मागच्या वेळी त्या आल्या होत्या तेव्हा बॉनेटखालून धूर निघत होता. झाकणातून गळलेलं तेल खालच्या तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडून जळत होतं. "भर चौकात लोक बादल्या घेऊन धावले, मास्तर! आठ दिवस नाही झाले तुमच्याकडून नेऊन!" त्यांचा आवाज ऐकून पंक्चरवाला उठून आला होता, सीटवरची दोन गिऱ्हाइकंही उभी राहिली होती. मास्तरांनी वाकून पाहिलं. मागच्या कोपऱ्यात तेल. ते सरळ झाले, आणि भरल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेला ऐकू जावा असा आवाज लावून त्यांनी मेहुण्याकडे बोट केलं.

"हे बघा आमचं रत्न! बारा वर्षं शिकवतोय. पॅकिंगवर सिलिकॉनचा लेप असा थापतो, जसा भिंतीला गिलावा! माझ्या नावाला काळं फासलंस रे!"

मेहुणा हातातलं फडकं घडी करत राहिला. मग हळूच म्हणाला, "भावजी, ठिपका बघा एकदा."

"ठिपका काय बघायचा? माझं काम मला ओळखता येत नाही?"

नर्सबाई मेहुण्याकडे वळल्या होत्या. "आमच्या वॉर्डात असा निष्काळजीपणा केला ना, तर माणूस जातं! काही वाटतं का तुम्हाला?"

मेहुण्यानं हातातला पाना भिंतीवर त्याच्या जागी टांगला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, की बाजारातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर लागलाय. बहिणीच्या घरी जायचा जिना याच गॅरेजातून वर जात होता. तोही त्यानं सोडला. बायको मास्तरांना एवढंच म्हणाली, "तुमच्या दोघांतलं तुम्ही बघा." त्यानंतर वरची मशीन जरा जास्तच जोरात चालायला लागली.

मास्तरांनी त्या दिवशी झाकण उघडलंच नव्हतं. वरच्यावर बोल्ट थोडे थोडे आवळले, गळती थांबली, आणि "बघा, सैल ठेवले होते" म्हणून त्यांनी विषय मिटवला.

आज मात्र ते मुळापासून बघायला बसले. बॉनेट उघडलं. सहा महिन्यांचं तेल आणि धूळ मिळून झाकणावर काळा थर जमला होता. त्यांनी फडक्यावर पेट्रोल घेतलं आणि पहिला बोल्ट पुसला.

पिवळा.

दुसरा पुसला. पिवळा. मग त्यांनी घाईघाईनं आठही बोल्ट पुसून काढले, जणू एखादा तरी पांढरा निघेल आणि त्यांची अब्रू झाकेल. आठच्या आठ पिवळे. दुकानात मांडल्यासारखे ओळीनं चमकत होते.

मास्तर सीटवर येऊन बसले. कान तापले होते. आता सगळं आठवत होतं, न आठवायला काही कारणच नव्हतं. त्या आठवड्यात मेहुणा तापानं अंथरुणावर होता. गाडी त्यांनी एकट्यानं केली होती. आणि त्या दिवशी, नर्सबाई ओरडत असताना, एका फडक्याचं काम होतं. पुसायला किती वेळ लागला असता? त्यांनी पुसलं नव्हतं. कारण, आता मनातल्या मनात का होईना पण त्यांना कबूल करावं लागलं, त्यांना पुसावंसं वाटलं नव्हतं. "ठिपका बघा" म्हणताना मेहुण्याची नजर इतकी शांत होती, की ठिपका कुठल्या रंगाचा निघेल ते त्यांना तेव्हाच कळून चुकलं होतं. ते दाबायला म्हणून तर आवाज एवढा चढला होता.

पॅकिंग आणायला हवं होतं, आणि ते मिळत होतं एकाच दुकानात. गेले सहा महिने मास्तर दुकानाला फोन करत आणि माल पंक्चरवाला घेऊन येई.

"आज नाही जमायचं," पंक्चरवाला टायरवर टिकाव मारावा तशी लोखंडी पट्टी मारत म्हणाला. "चार ट्यूबा पडल्यात. तुमचे पाय काय भाड्यानं दिलेत?"

"गुडघा दुखतोय."

"मेहुण्याच्या दुकानाचं नाव काढलं की दुखतो तोच ना?"

मास्तर मुकाट्यानं निघाले. वाटेत त्यांनी माफीचं वाक्य तयार केलं. दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणूनही पाहिलं. दुकानात चार-पाच मेकॅनिक काउंटरला रेलून उभे होते. गावातला प्रत्येक कारागीर दिवसातून एकदा तिथे यायचाच. त्यांनी मास्तरांना वाट करून दिली. "या मास्तर, या," कुणीतरी म्हणालं. त्या मान देण्यानं मास्तरांना आणखीच चोरट्यासारखं झालं.

"टॅपेट कव्हरचं पॅकिंग," ते म्हणाले.

"कुठली गाडी?" मेहुण्यानं विचारलं.

"नर्सबाईंची."

फळीकडे गेलेला मेहुण्याचा हात क्षणभर थांबला. मग त्यानं खोका काढला आणि समोर ठेवला. "प्लगच्या चार रबरी रिंगा पण बदला, भावजी. कडक झाल्या असतील."

"हं."

"आणखी काही?"

हा प्रश्न तो सगळ्यांनाच विचारत असणार. पण मास्तरांना वाटलं, हीच ती जागा, इथेच आपलं वाक्य. त्यांनी तोंड उघडलं. मागे कुणीतरी किल्ल्या वाजवत होतं. कुणीतरी हसलं, दुसऱ्याच कशाला तरी. मास्तरांचं तोंड कोरडं पडलं.

"नाही," ते म्हणाले. "एवढंच."

परत येताना दर पावलाला त्यांना तो शब्द ऐकू येत होता. एवढंच. एवढंच.

गॅरेजात येऊन त्यांनी झाकण काढलं. जुनं रबर सोललं, कडा खरवडल्या, पुसल्या. मग सवयीनं डोळे मिटले आणि बोट फिरवलं. गुळगुळीत. मागचा कोपरा? गुळगुळीत. पण गळती तर तिथूनच होती! त्यांनी पुन्हा फिरवलं, पुन्हा. बोट सांगत होतं, काही नाही. मास्तरांनी डोळे उघडले. एक बोल्ट उचलला आणि त्याच्या आट्यांवर तर्जनी जोरात दाबली. बोटावर आट्यांच्या रेघा उमटल्या. कळलं काहीच नाही.

हे आजचं नव्हतं. शर्टाची बटणं हल्ली निसरडी येतात अशी तक्रार त्यांनी बायकोकडे केली होती. सुटे नट हातातून पडत, तर "हल्लीचा माल" म्हणून ते मोकळे होत. गेल्या काही महिन्यांत तीन गाड्या गळती घेऊन परत आल्या होत्या. त्याचं खापर त्यांनी हल्लीच्या रबरावर फोडलं होतं.

ते जिन्यापाशी गेले. "अगं, जरा खाली येतेस?"

मशीन थांबली. तीस वर्षांत त्यांनी बायकोला कामाला म्हणून खाली बोलावलं नव्हतं. ती धडपडत उतरली. "काय झालं? चक्कर आली का?"

"नाही. इथे जरा हात घाल."

"मी? त्या तेलात? उद्या द्यायचे कपडे शिवायचेत मला!"

"घाल ग. मागच्या कोपऱ्यात. कडेवरून बोट फिरव."

त्यांच्या आवाजात नेहमीचा हुकूम नव्हता, म्हणूनच बहुतेक तिनं बाही सारली. सुई-दोऱ्यात आयुष्य गेलेलं तिचं बोट इंजिनाच्या मागे नाहीसं झालं.

"इथे खपलीसारखं आहे काहीतरी."

"गुळगुळीत नाही?"

"कसलं गुळगुळीत! नखाला अडतंय चांगलं."

तिनं जागा धरून ठेवली, मास्तरांनी तिच्या बोटाच्या अंदाजानं पट्टी आत घातली आणि खरवडलं. एक काळा, कडक तुकडा निघून आला. नखाच्या कातरणाएवढा. मास्तरांनी तो तळहातावर घेतला.

"हा कुणाचा?" बायकोनं विचारलं.

"माझा." मग जड जिभेनं, "ठिपके पिवळे आहेत."

ती फडक्याला हात पुसत राहिली. आश्चर्य वाटल्यासारखं काहीच तिच्या चेहऱ्यावर आलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"तुमच्या बोटाचं? तो जायच्या आधी वर्षभर तरी. धाकट्यानं सांगितलं होतं. तुम्ही वर जेवायला आलात की तो मागे राहून तुमच्या गाड्यांवरून हात फिरवायचा. काही राहिलं असेल तर झाकण उघडून काढायचा, परत बसवायचा आणि वर तुमचाच पिवळा ठिपका द्यायचा. म्हणून तर रोज त्याचं जेवण गार व्हायचं. एवढी एकच गाडी राहिली, तो तापात होता म्हणून."

मास्तरांना कुठे बघावं ते कळेना. भिंतीवरचे पाने, दारातली सीट, रस्त्यावरचा पंक्चरवाला, सगळं जणू त्यांच्याकडेच बघत होतं. म्हणजे ते सगळं वर्ष गल्लीनं ज्याचं कौतुक केलं तो दुसराच माणूस होता. आणि तो त्या वेळी वरच्या खोलीत गार जेवण जेवत होता.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, ताई, भावजींना बोट गेलं म्हणून सांगितलं तर ते हाय खातील. गिऱ्हाइकांत त्यांची मान खाली जायला नको." ती जिन्याकडे वळली. "आणि त्याची मान तुम्ही कुणासमोर खाली घातलीत?"

जिन्याच्या दोन पायऱ्या चढून ती थांबली, मागे वळली आणि परत खाली आली. "चला, बसवून घ्या ते. कोपरा मी बघते. पण आज त्याला सांगितल्याशिवाय वर येऊ नका."

पॅकिंग बसलं. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून, आलटून पालटून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत बोल्ट कसले. पिवळ्या रंगाची बाटली मास्तरांनी हातात घेतली आणि तशीच परत ठेवली. गाडी चालू केली, तापू दिली. कोपरा कोरडा होता. कोरडा कोपरा पाहून आनंद न होण्याची ही त्यांच्या आयुष्यातली पहिली वेळ.

पाचला नर्सबाई आल्या. "झालं? काय निघालं?"

"सिस्टर, मागच्या वेळची चूक माझी होती. मेहुण्याची नव्हती." मास्तर एका दमात बोलून गेले. "काम मी केलं होतं. नाव त्याचं घेतलं."

नर्सबाईंनी पैसे काढायला पर्समध्ये घातलेला हात तसाच राहिला. "पण मग मी... मी त्यांना काय काय बोलले त्या दिवशी!"

"हो."

"माणूस जातं म्हणाले मी. तेही त्यांच्या तोंडावर." त्यांचा चेहरा उतरला. मग एकदम तापला. "तुम्ही मला का बोलू दिलंत, मास्तर? मला काय माहीत कुणाचं काम कुणी केलं? तुम्ही तर तिथेच उभे होतात!"

हे मात्र मास्तरांच्या ध्यानात आलं नव्हतं. आपली लाज आपल्यापुरती, असं ते दुपारपासून धरून चालले होते. तिचे शिंतोडे या भल्या बाईच्या अंगावरही उडाले होते.

"कुठे असतात ते आता?" नर्सबाईंनी विचारलं. "बसा गाडीत. चला."

दुकानात संध्याकाळची गर्दी होती. सकाळपेक्षा जास्त. मेहुणा पावती लिहीत होता. नर्सबाई पुढे व्हायला निघाल्या, पण मास्तरांनी हातानं थांबवलं. निदान एवढं तरी आपण आधी करावं, इतकीच अब्रू आता शिल्लक होती.

"ए, ऐक," ते म्हणाले. आवाज चिरकला. सहा महिन्यांपूर्वी गल्ली हलवणारा तो आवाज काउंटरपलीकडेही नीट पोचेना. त्यांनी घसा खाकरला. "त्या गाडीवरचे ठिपके पिवळे होते."

मेहुण्यानं मान वर केली. "भावजी, मागे लोक उभे आहेत."

"असू देत. त्या दिवशी पण होते." आजूबाजूच्या मेकॅनिकांची बोलणी थांबली होती. "गाडी मी केली होती आणि चोर तुला ठरवलं. माझ्या बोटाला आता काही कळत नाही. वर्ष झालं, दीड वर्ष झालं. माझी कामं तू मागून दुरुस्त करत होतास, आणि मी..." पुढचं वाक्य सापडेना. सारी हयात बोलण्यात घालवलेला माणूस, पण नेमक्या जागी संहिता कोरी निघाली. "मी ठिपका बघितला नाही. तू सांगूनसुद्धा."

एका कोपऱ्यात एक जण उगाच प्लगचा खोका उलटसुलट करून वाचू लागला.

"आणि मीही नको ते बोलले हो," नर्सबाई म्हणाल्या. "माफ करा मला. खरंच."

मेहुण्याचा चेहरा लालबुंद झाला होता. जणू चूक त्याचीच उघडकीला आली होती. "असू दे सिस्टर, तुमची काय चूक. ऑइल बघितलंत का? गळून कमी झालं असणार. एक लीटर घालून घ्या." त्यानं डबा काढून पुढे केला, आणि त्याच हातानं पावतीपुस्तक नीट केलं, जे आधीच नीट होतं.

"परत येतोस?" मास्तरांनी विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं, निघून गेलं तोंडातून.

मेहुण्यानं पेनाला टोपण लावलं. "नाही भावजी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "इथे बरं आहे. जेवण गरम मिळतं."

मास्तरांनी मान हलवली. वळून दारापर्यंत पोचले, तेव्हा मागून आवाज आला.

"रविवारी येतो, म्हणावं. ताईला भेटायला."

नर्सबाई घरापर्यंत सोडते म्हणाल्या, पण मास्तर पायीच आले. गल्लीच्या तोंडाशी पंक्चरवाल्यानं हाक मारली, "काय मास्तर, गुडघा बरा झाला का?" आज त्यांनी डोळे वटारले नाहीत. त्याच्यापाशी थांबले आणि त्यालाही सगळं सांगितलं, कारण त्या दिवशी तोही तिथे उभा होता. पंक्चरवाल्यानं तोंडात आलेली थट्टा गिळली आणि हातातल्या ट्यूबवरचं पाणी झटकत बसला.

वर मशीन बंद होती. बायको दारातच होती.

"काय म्हणाला?"

"रविवारी येतो म्हणाला. तुला भेटायला."

तिनं पदरानं डोळे टिपले. मग त्यांच्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही कुठे असणार रविवारी? काहीतरी काम काढून बाहेर जाल."

मास्तर शर्टाच्या बटणाशी खटपट करत होते. तिनं पुढे होऊन ते सोडवलं, आणि पहिल्यांदाच त्यांनी तिला सोडवू दिलं.

"घरातच असणार," ते म्हणाले. "दार मीच उघडीन."